भाकरीआधीचे तीन प्रश्न

१ सप्टेंबर, रविवार

आज चर्चमध्ये उपासनेत हिने घोळ घातला.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. आमच्या मंडळीत भाकरीचं ताट बाकांवरून हातोहात फिरतं. ज्याने त्याने एक तुकडा उचलायचा, तळहातावर धरून गप्प बसायचं आणि पाळकसाहेब 'घ्या' म्हणाले की सगळ्यांनी एकदम खायचा. लग्न होऊन या मंडळीत आल्यापासून ही तेच करत आली आहे. आज ताट हातात आलं आणि हिने ते सरळ मांडीवर ठेवून घेतलं. तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करायला लागली. मी कोपराने ढोसलं तर चांगली मोठ्याने म्हणाली, "माणसं बरीच आहेत हो, पुरायला नको?"

पुढच्या बाकावरची एक लहान मुलगी मागे वळून टकामका बघत होती. तिच्या हातावर हिने दोन तुकडे ठेवले. त्या पोरीने ते लगेच खाऊनही टाकले. अजून दृढीकरण व्हायचंय तिचं, त्याशिवाय भोजन घेता येत नाही; दुधाचे दात पडताहेत.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मलाही हसू आलं, खोटं कशाला लिहू? पण ताट फिरवणारे आमच्या वडीलमंडळाचे प्रमुख तिथेच उभे होते. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि जगातली प्रत्येक गोष्ट ते त्याच गजाने मोजतात, म्हणून मी त्यांना घरात मोजपट्टी म्हणतो. मोजपट्टींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

घरी येताना ही खुशीत होती. लग्न छान झालं म्हणाली. लग्न नव्हतं गं, म्हटलं. "मग जेवण कशाचं होतं?" 

तीन वर्षं झाली हिच्या विसरण्याला. डॉक्टरांनी आजाराला लांबलचक नाव दिलंय, ते मी इथे लिहिणार नाही. चर्चमधली गीतं मात्र सगळी पाठ आहेत, सगळी कडवी.

३ सप्टेंबर, मंगळवार

पाळकसाहेब येऊन गेले. आमच्या लेकीपेक्षा लहान आहेत, सायकलवरून येतात, दाढी अजून नीट जमलेली नाही. चहाचा कप हातात धरून बराच वेळ हवापाण्याचं बोलले. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गिळून आलेत.

वडीलमंडळाने ठरवलंय की हिला यापुढे भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला देऊ नये. हिच्याच भल्यासाठी. बायबलात प्रेषिताने लिहून ठेवलंय की माणसाने आधी स्वतःला तपासावं आणि मग त्या भाकरीला हात लावावा. न ओळखता खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो. आईंना (हिला ते आई म्हणतात) आता स्वतःला तपासता येत नाही, म्हणून तो धोका नको, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, "म्हणजे ही आजारी पडली म्हणून देव हिला वर आणखी शिक्षा करणार?"

ते कपात बघत बसले. तसं नव्हे काका, म्हणाले. 

एवढ्या वेळात ही तीनदा बाहेर आली आणि तीनदा त्यांना विचारलं, तू कोणाचा रे? तिन्ही वेळा त्यांनी पहिल्यांदाच विचारल्यासारखं नीट उत्तर दिलं. याचे गुण मी त्यांना देतो. आत जाताना मला म्हणाली, "दादा, तुम्हीपण घ्या ना चहा." हल्ली ही मला दादा म्हणते. पहिल्यापासून टिंगलखोर बाई.

५ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर डोक्यात तेच चालू. मागच्या खोलीत माझं काम असतं. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून मी प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो, मग गुलाबी हिरड्यांची कवळी तयार करून घासत बसतो. घासण्याच्या कामात हात गुंततात आणि डोकं मोकळं राहतं, हाच या धंद्यातला दोष आहे.

तर मुद्दा असा. आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बाळाला काय समजतं? डोक्यावर पाणी पडलं की भोकाड पसरतं, बस. तरी आपण म्हणतो की कृपा आधी येते, समज मागून येईल. मग आयुष्याच्या त्या टोकाला समज चालत नसताना कृपा चालते, तर या टोकाला का चालू नये? समज यायच्या आधी देव थांबतो आणि समज गेल्यावर उठून जातो, असं काही आहे का? मला हे कोणीतरी पटवून द्यावं.

एक कवळी जास्त घासली गेली. पुन्हा करावी लागणार.

१० सप्टेंबर, मंगळवार

वडीलमंडळापुढे जाऊन बोललो. चर्चच्या मागच्या खोलीत, लाकडी खुर्च्या, भिंतीवर जुन्या पाळकांचे फोटो. बाळाचा मुद्दा मांडला. मला वाटत होतं की आता यांची बोलती बंद होणार.

मोजपट्टी शांतपणे म्हणाले की बाप्तिस्मा बाळ घेत नाही, बाळाला दिला जातो, तो आईबापांच्या विश्वासावर. भोजन मात्र स्वतःच्या विश्वासावर असतं. तिथे दुसऱ्याच्या तोंडाने खाता येत नाही. माझा तिळपापड झाला. हे ज्या तोंडाने बोलत होते त्यातले वरचे-खालचे सगळे दात मीच केलेले आहेत. तसं मी म्हणूनही टाकलं. दोघेतिघे हसले, तेही हसले, पण निर्णय काही हलला नाही.

मग मी शेवटचं बोललो. प्रभू म्हणाला, माझी आठवण म्हणून हे करा. ठीक. जिची आठवणच गेली तिने काय करायचं? आठवण काय फक्त आपणच ठेवायची असते? तो आपली ठेवत नाही?

 पाळकसाहेबांनी प्रार्थना करून बैठक संपवली. प्रार्थनेने बैठक संपवणं फार सोयीचं असतं.

१५ सप्टेंबर, रविवार

लेक आली होती. मी तिला सगळं पहिल्यापासून ऐकवलं, बाळाचा मुद्दा, आठवणीचा मुद्दा. ती भाजी चिरत ऐकत होती. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "बाबा, आईला याने काय फरक पडतो? ती भाकर मिळाली काय आणि न मिळाली काय, तिला कळतसुद्धा नाही. फरक तुम्हाला पडतोय."

मी म्हटलं, हे मोजपट्टींचंच बोलणं झालं की. ती म्हणाली ते वेगळं आणि हे वेगळं. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं की आई मला ओळखते का. मला म्हणजे मला, तिच्या बापाला.

मी हसलो. न ओळखायला काय झालं? रोज सकाळी माझ्या हातून गोळ्या घेते, माझ्याच हाताने भांग काढून घेते. परक्या माणसाच्या हातून बाई केस विंचरून घेईल का?  लेक जाताना मला घट्ट मिठी मारून गेली, हे तिच्या स्वभावात नाही. नोकरीचा ताण असेल.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज एक धाडस केलं. चौकापलीकडच्या दुसऱ्या मंडळीच्या धर्मगुरूंना भेटलो. आमच्या लहानपणी त्यांच्या दारावरून जायलासुद्धा बंदी होती. त्यांच्यात असं मानतात की भाकर खरोखरच प्रभूचं शरीर होते. आमच्यात ती खूण आहे. मी घासता घासता असा विचार केला होता की खूण असेल तर ती वाचता यावी लागते, पण खरंच शरीर असेल तर मग ते औषधासारखं झालं. औषध समजून घ्यावं लागत नाही. पोटात गेलं की झालं.

गुरू म्हातारे, ऐकायला कमी येतं. त्यांना हे ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे झाडणाऱ्या बाईलाही माझं सगळं दुःख कळलं. ते म्हणाले की त्यांच्या लोकांत अशा आजारी माणसाला ते आनंदाने देतात. मग हिला द्या, म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की त्यासाठी तिला आमच्यात यावं लागेल, आणि येते हे तिला स्वतः म्हणावं लागेल.

म्हणजे दोन्हीकडे दार आहे आणि दोन्हीकडे दारवान. पण माणूस भला होता. बाहेर येईपर्यंत हात सोडला नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

प्रभुभोजनाचा रविवार. जाऊच नये असं वाटत होतं, पण हिने सकाळी स्वतःच कपाटातून चांगले कपडे काढले होते. मग नेलं.

ताट आमच्या बाकावर आलं. मोजपट्टींनी ते हिच्या समोरून उचलून माझ्याकडे दिलं. हिने हात पुढे केला होता. तळहात वर, बोटं जुळवलेली, अगदी शिकवल्यासारखा. ताट गेलं तरी तो हात तसाच राहिला. मी काहीच घेतलं नाही, ताट पुढे सरकवलं. पाळकसाहेब 'घ्या' म्हणाले, सगळ्यांनी खाल्लं, आणि हिने रिकामा हात तोंडाला लावला.

मला तिथेच रडू फुटलं. साठी उलटलेला माणूस, भर चर्चमध्ये. ही माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नका, दादा. घरी कोणी आजारी आहे का?"

८ ऑक्टोबर, मंगळवार

मोजपट्टी दुकान टाकून माझ्या कामाच्या खोलीत आले. मला वाटलं खालची कवळी सैल झाली असेल. उभेच राहिले. म्हणाले, "तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही." मग स्टुलावर बसले आणि बराच वेळ प्लास्टरच्या साच्यांकडे बघत राहिले. मी त्यांच्यावर रागवायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

त्यांनी तोड आणली आहे. दृढीकरणाच्या वेळी आमच्यात प्रभुभोजनाआधीचे तीन प्रश्न विचारतात. पाळकसाहेब घरी येऊन ते हिला विचारतील. तिन्हीपैकी एकाचं जरी उत्तर हिने आपल्या शब्दांत दिलं, तरी वडीलमंडळ म्हणेल की हिने स्वतःला तपासलं. एक पुरे. गजातून त्यांनी इतकी सूट आजवर कोणाला दिली नसेल.

प्रश्न असे: ही भाकर कशाची आहे? तुम्ही ती का घेता? तुमच्या मनात कोणाविषयी काही आहे का, कोणाशी काही मिटवायचं राहिलंय का?

तिसरा सोपा आहे. नाही म्हटलं की झालं.

९ ऑक्टोबर, बुधवार

अभ्यास सुरू केला. चहानंतर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.

"ही भाकर कशाची आहे?"

"कालची," ही म्हणाली.

मी हसलो, मग तीही हसली, आणि आम्ही दोघं पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत बसलो. कित्येक महिन्यांत असे हसलो नव्हतो. अभ्यास तिथेच बंद केला.

१३ ऑक्टोबर, रविवार

थोडी प्रगती. मी 'प्रभूच्या' म्हटलं की ही 'शरीराची' म्हणते. मी 'प्रभूच्या' म्हटलंच नाही तर नुसती बघते. तिसऱ्याला मान हलवून 'नाही' म्हणायला शिकवलंय, ते बरं जमतं. पाळकसाहेब पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात येणार.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज आवाज चढला. ही मुद्दाम करते असं वाटायला लागतं. तोच प्रश्न, तेच उत्तर, मी अर्धं सांगतो आणि उरलेलं अर्धंही हिच्या तोंडून निघत नाही. मध्येच उठून म्हणते, मला शाळेत जायचं नाही. मी टेबलावर हात आपटला. इतकी वर्षं चर्चमध्ये बसून काय ऐकलंस, म्हणालो. जरा जास्तच बोललो. तुझ्यासाठी मी गावभर तोंड वेंगाडत फिरतोय, असंही म्हणालो.

माझं चुकलं, माझं चुकलं, असं म्हणत ही भिंतीला टेकून उभी राहिली. मला ते बघवेना. मी मागच्या खोलीत निघून गेलो आणि दार आपटलं.

बऱ्याच वेळाने बाहेर आलो तर खिडकीपाशी बसली होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "दादा, कोणाला शोधताय?" म्हणजे विसरली होती. या आजाराचा तेवढाच एक फायदा, भांडण टिकत नाही. माझ्याच जिवाला लागून राहिलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

हल्ली खिडकीपाशीच असते. रस्ता बघायला आवडतो, तेवढीच करमणूक. जेवताना एक ताट वाढून त्यावर दुसरं झाकून ठेवते. लेक येईल असं वाटत असणार. मी संध्याकाळी ते उचलून ठेवतो.

अभ्यास मी बंद केला आहे. देवाच्या मनात असेल ते होईल. हे वाक्य लिहायला सोपं आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पाळकसाहेब दुपारी आले. बरोबर छोटी लाकडी पेटी, आजाऱ्यांना घरी भोजन देतात तेव्हाची. मोजपट्टीही आले होते, साक्षीला म्हणून, दाराशीच उभे राहिले. मी हिला टेबलाशी बसवलं आणि शेजारी बसलो.

पहिला प्रश्न. हिने माझ्याकडे बघितलं. मी ओठ नुसते हलवणार होतो, पण हलवले नाहीत. माहीत नाही, म्हणाली. दुसरा प्रश्न. बाळा, हे सगळं आमच्या ह्यांना विचार, ते फार वाचतात, म्हणाली. मोजपट्टींनी मान खाली घातली.

पाळकसाहेबांनी तिसरा फार हळू विचारला. आई, कोणाशी काही मिटवायचं राहिलंय का?

मी वाट बघत होतो नाहीची. मान हलवेल, मोजपट्टी कदाचित तेवढंही धरतील.

"राहिलंय," ही म्हणाली. इतकी सरळ, इतकी पूर्वीसारखी, की मी चपापून तिच्याकडे बघितलं. "आमच्या ह्यांच्याशी भांडण झालंय माझं. कशावरून ते आता आठवत नाही. पण ते कधी ओरडत नाहीत, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. ओरडले आणि निघून गेले. अजून आले नाहीत."

 मोजपट्टींनी रुमाल काढला.  पाळकसाहेब म्हणाले, आई, पुरे झालं, यापेक्षा खरं उत्तर मी अजून कोणाकडून ऐकलेलं नाही. त्यांनी मोजपट्टींकडे बघितलं, मोजपट्टींनी मान डोलावली, आणि पेटी उघडून त्यांनी भाकर तिच्यापुढे धरली. जिंकलो होतो मी. दोन महिने ज्यासाठी डोकं फोडलं ते समोर होतं.

हिने हात मागे घेतला.

"असं कसं घेऊ?" ती म्हणाली. "हे येऊ देत. आधी आमचं मिटू दे, मग घेईन."

शास्त्रात हेच आहे. आधी जाऊन समेट कर, मग ये. हे मीच दर रविवारी तिच्या शेजारी बसून ऐकलं आहे आणि एकदाही त्यासाठी बाकावरून उठलेलो नाही.

मी तिचे दोन्ही हात धरले. अगं, मीच तो, म्हणालो. मीच ओरडलो, चूक माझी होती, तुझी नव्हती. ती माझ्याकडे प्रेमाने बघत होती, लोक चांगल्या शेजाऱ्याकडे बघतात तशी. "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, दादा?" म्हणाली. "तुम्ही तर किती करता माझं."

ती टिंगल करत नव्हती. किती दिवस झाले असतील? लेकीला माहीत होतं, पाळकसाहेबांना माहीत होतं, बहुतेक सगळ्या मंडळीला माहीत होतं. ती मला अजून ओळखते असं जगात मी एकटाच समजत होतो.

मग मी म्हणालो की तुमच्या ह्यांचा निरोप आहे, त्यांनी सगळं माफ केलंय, आणि तुमच्याकडे माफी मागितली आहे. तिने विचार केला. "मग ते स्वतः का नाही आले?" म्हणाली. याला कुठल्याही मंडळीकडे उत्तर नाही.

पाळकसाहेबांनी भाकर परत पेटीत ठेवली. मी पुन्हा येईन, कितीही वेळा येईन, म्हणाले. मोजपट्टी जाताना माझा खांदा धरून उभे राहिले.

ते गेल्यावर मी एक वेडेपणा केला. मागच्या दाराने बाहेर पडलो. चर्चला घालतो तो कोट घातला, केस ओले करून नीट बसवले आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराची बेल वाजवली. वाटलं, बाहेरून आलो तर कदाचित.

हिने लगेच दार उघडलं, दाराशीच असावी. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे रस्त्यावर बघितलं.

"हे घरी नाहीत," म्हणाली.

 ती दार लावायला लागली आणि मध्येच थांबली.

"तुम्हाला कुठे भेटले तर सांगाल का? म्हणावं, मी रागावलेली नाही. घरी या."

सांगतो, म्हटलं.